दहा प्रश्नांच्या टेस्टवर माणूस ठेवू नका



"सर, ती दहा प्रश्नांची टेस्ट पाठवा ना. उद्या दोन पोरं इंटरव्ह्यूला येऊन राहिली." असा मेसेज मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो. कधी इतवारीतून, कधी हिंगणा एमआयडीसीतून, आणि हल्ली तर इथल्याच रामदासपेठेतून, जिथे दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये एक दवाखाना, एक लॅब किंवा एक क्लास आहे आणि प्रत्येकाला रिसेप्शनवर "चांगला माणूस" हवा आहे. मी ती टेस्ट पाठवत नाही. का पाठवत नाही, हे बारा मिनिटांच्या व्हिडिओत नीट सांगून झालं नाही, आणि खाली बरेच जण रागावले. म्हणून इथे जरा सविस्तर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या प्रश्नावल्या चांगल्या आहेत. प्रशिक्षणात मी त्या वापरतो आणि पुढेही वापरणार. पण त्यांच्यावरून माणूस ठेवायचा, काढायचा किंवा त्याची जागा बदलायची, हे बरोबर नाही. आणि ही काही माझ्या मनातली भीती नाही. ज्यांनी या प्रश्नावल्या बनवल्या त्यांनीच हे लिहून ठेवलंय. आपण टेस्ट डाउनलोड करतो, तिच्यासोबतचं सूचनापत्रक वाचत नाही. मिक्सर घेतला तरी आपण तेच करतो म्हणा.

ही चीज आली कुठून ते थोडक्यात बघू. माणसालाच त्याच्या स्वभावाबद्दल छापील प्रश्न विचारायचे, ही पद्धत पहिल्या महायुद्धातली. १९१७ साली अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने सैन्यभरतीसाठी हो-नाही उत्तरांची एक यादी केली. तोफगोळ्यांच्या माऱ्यात कोणाचं मन कोलमडू शकतं, हे आधीच ओळखायचं होतं. यादी तयार होऊन कामाला लागेपर्यंत युद्धच संपलं. पुढे १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोघांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द वेचून काढले. त्या ढिगाऱ्याची अनेक वर्षं चाळणी होत होत शेवटी पाच मोठे गुण उरले, ज्याला आज सगळे बिग फाइव्ह म्हणतात: बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, चोखपणा (पुस्तकात याला कर्तव्यदक्षता म्हणतात, मला आपला चोखपणा बरा वाटतो), मनाची स्थिरता आणि नव्याबद्दल खुलेपणा.

हे पाच गुण नीट मोजायचे तर वेळ लागतो. त्यातली एक नावाजलेली प्रश्नावली २४० वाक्यांची आहे. दुसरी ४४ वाक्यांची. संशोधकांची अडचण अशी की त्यांना एकाच बैठकीत आणखी वीस गोष्टी विचारायच्या असतात आणि समोरचा कंटाळतो. म्हणून २००३ साली टेक्सास विद्यापीठातल्या सॅम गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त दहा वाक्यांची प्रश्नावली बनवली. प्रत्येक गुणासाठी दोन वाक्यं, एक सुलट आणि एक उलट, आणि एक ते सात आकड्यांमध्ये उत्तर. मिनिटभरात भरून होते. २००७ मध्ये रॅमस्टेट आणि जॉन यांनी ४४ वाक्यांच्या प्रश्नावलीवरून दहा वाक्यांची आणखी एक काढली. तुमच्या व्हॉट्सॲपवर "पर्सनॅलिटी टेस्ट" म्हणून फिरणाऱ्या गोष्टींपैकी ज्या जरा बऱ्या आहेत, त्या बहुतेक या दोघींच्याच बऱ्या-वाईट नकला.

आता मुख्य मुद्दा. गॉसलिंग यांनी आपल्या लेखात स्पष्ट म्हटलं होतं की ही प्रश्नावली तिथे वापरा जिथे अगदी छोटं माप हवं आहे, स्वभाव हा अभ्यासाचा मुख्य विषय नाही आणि मापाचा दर्जा थोडा घसरला तरी चालणार आहे. तुम्हीच सांगा, तुमच्या गल्ल्यावर माणूस बसवताना यातली कोणती अट पूर्ण होते? तिथे तर स्वभाव हाच मुख्य विषय आहे, आणि माप घसरलं तर नुकसान तुमचं आणि त्या माणसाचं.

"पण सर, मग ती टेस्ट खोटी आहे का?" नाही ना! इतवारीच्या सराफा ओळीत जाऊन बघा. तिथे अंगठी तोलायला जो काटा असतो तो वेगळा आणि भाजीवाल्याचा वेगळा. भाजीवाल्याचा काटा खोटा नसतो, तो भाजीसाठी असतो. हजार गिऱ्हाइकांना मिळून किती कांदे गेले हे त्यावर अगदी नीट कळतं, कारण इकडे दहा ग्रॅम जास्त आणि तिकडे दहा ग्रॅम कमी असं होऊन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. पण एकच अंगठी त्यावर ठेवली तर तेवढ्या चुकीतच अंगठी बुडाली. दहा प्रश्नांची टेस्ट हजार लोकांची सरासरी काढायला उत्तम आहे. तुमच्यासमोर बसलेली मुलगी हजार लोक नाही, ती एक अंगठी आहे.

याचं गणितही करून दाखवतो, कारण आकडे दाखवल्याशिवाय आपल्या व्यापारी मंडळींचं समाधान होत नाही. सहा आठवड्यांनी तीच टेस्ट त्याच लोकांना पुन्हा दिली तेव्हा दोन्ही वेळच्या गुणांचा मेळ सरासरी ०.७२ इतका निघाला होता. एक म्हणजे तंतोतंत मेळ, शून्य म्हणजे काहीच नाही. ०.७२ हा इतक्या छोट्या टेस्टसाठी चांगलाच आकडा आहे. आता समजा, तुमच्या उमेदवाराला चोखपणात सातपैकी ५ मिळाले, आणि माणसामाणसांतला नेहमीचा फरक, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आपण १.३ धरला. मग मापातली चूक हिशेबात घेतली तर त्या माणसाचा खरा आकडा साधारण ३.७ पासून ६.३ पर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे "सरासरीपेक्षा ढिला" पासून "अत्यंत काटेकोर" पर्यंत काहीही! आणि तुम्ही ४.५ वाल्याला घरी पाठवून ५ वाल्याला ठेवता. दोन वाक्यांच्या सरासरीत एका वाक्यावरची खूण एका घराने सरकली की अर्धा गुण बदलतो. पोरगं सकाळी तर्री-पोहे खाऊन आलं की उपाशी आलं, एवढ्यावरही तो अर्धा गुण फिरू शकतो.

हे झालं परक्या भाषेतल्या मूळ टेस्टचं. मराठीत आणताना आणखी एक गंमत होते. मूळ प्रश्नावलीत बहिर्मुखतेचं जे उलट वाक्य आहे, त्यात कमी बोलणाऱ्या, आपल्यापुरतं राहणाऱ्या माणसाचं वर्णन आहे. मराठीत आपण काय लिहितो? "शांत". आता आपल्याकडे शांत हा दोष आहे का? मुलगी बघायला गेल्यावर "पोरगी शांत आहे हो" हे कौतुक म्हणून सांगतात. त्यामुळे शांत शब्दासमोर सात नंबरावर खूण करणारी मुलगी खरं तर "मी चांगल्या वळणाची आहे" असं सांगत असते आणि तुमचा एक्सेल तिला घुमी ठरवून मोकळा होतो. भिडस्त, हळवा, तापट, नेटका, हिशेबी, आतल्या गाठीचा, हे आपले शब्द. यातला प्रत्येक शब्द स्वतःबरोबर शाबासकी किंवा शिवी घेऊन येतो. "हिशेबी" इतवारीत कौतुक आहे आणि सोयरिकीत टोमणा. गूगलने भाषांतर केलेल्या टेस्टला हे कसं कळणार?

शिवाय माणूस स्वतःला मोजतो ते शेजाऱ्याच्या तुलनेत. २००७ साली ५६ देशांतल्या लोकांच्या बिग फाइव्ह गुणांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात चोखपणाच्या बाबतीत जपानचे लोक तळाशी दिसले. जपान! सेकंदावर ट्रेन चालवणारा देश. एक सरळ स्पष्टीकरण असं की आजूबाजूला सगळेच काटेकोर असतील तर तिथला माणूस "मी बुवा जरा ढिलाच" असं लिहितो. तुमच्याकडेही हेच होतं. ज्याने आयुष्यभर कडक मालकाकडे काम केलं तो स्वतःला चार देतो, आणि ज्याने कधीच वेळेवर दुकान उघडलं नाही तो बिनधास्त सहा.

आणि खोटं बोलण्याचं काय? नोकरी हवी असलेल्या माणसाला "तुम्ही मेहनती आहात का" असं विचारून काय उत्तर येणार? समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात, पहिल्याच समासात मूर्खलक्षणं मोजली आहेत, त्यात स्वतःच स्वतःची स्तुती करणारा आहे. आपण मात्र नोकरीसाठी आलेल्या प्रत्येकाला फॉर्म देऊन तेच करायला लावतो आणि जास्तीत जास्त स्तुती करील त्याला ठेवतो. रामदासपेठेत बसून निदान एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.

यात मार कोण खातो हे मी जवळून बघितलंय. याच भागातला एक दवाखाना, नाव नको. रिसेप्शनवर नऊ वर्षांपासून एक बाई होत्या. चंद्रपूर, यवतमाळ, गोंदियाहून, तिकडे छिंदवाडा-बालाघाटहून पेशंट यायचे, पहाटेच्या गाडीने उतरून सकाळी आठला दारात. बाईंना बहुतेकांची नावं पाठ. कोणाला परतीची गाडी कधी आहे आणि म्हणून नंबर आधी लावायला हवा, हे त्यांना न विचारता माहीत असायचं. बोलायला मोजक्या. मग बाहेरून एक ट्रेनर बोलावले गेले आणि सगळ्या स्टाफकडून दहा प्रश्नांची टेस्ट भरून घेतली. बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं: कमी बोलते, लवकर घाबरते, टेन्शन येतं. नऊ वर्षं दवाखान्याचं दार सांभाळणाऱ्या बाईला टेन्शन येणार नाही तर कोणाला येणार? रिपोर्टमध्ये आलं: अंतर्मुख, भावनिक स्थिरता कमी, "फ्रंट डेस्कसाठी अयोग्य". त्यांना आतल्या खोलीत बिलांवर बसवलं आणि पुढे एक हसतमुख, सगळ्यांत सहा-सात गुण घेतलेला मुलगा आला. मुलगा वाईट नव्हता. पण त्याला बालाघाटची गाडी माहीत नव्हती. दोन महिन्यांत बाई धंतोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या, आणि काही जुने पेशंट त्यांच्या मागे. इथे खरी गोम ही आहे की ज्यांनी टेस्टमध्ये खरं लिहिलं त्यांनाच शिक्षा झाली. उरलेला स्टाफ यातून काय शिकला असेल, याचा विचार करा. पुढच्या वेळी तुमच्या दवाखान्यात कोणीच खरं लिहिणार नाही. टेस्टमध्येही नाही, आणि औषधांच्या स्टॉकच्या वहीतही कदाचित नाही.

आता आमच्या ट्रेनर मंडळींबद्दल चार शब्द बोलतो, रागावणाऱ्यांनी रागवावं. चार रंग, चार प्राणी, चार अक्षरांचे टाइप हे आमच्या धंद्यात जोरात चालतं. "तुम्ही लाल आहात, तुमचा पार्टनर निळा आहे" असं म्हटलं की हॉलमध्ये टाळ्या. चार रंगांच्या या खेळाचं मूळ विल्यम मार्स्टन यांच्या १९२८ सालच्या पुस्तकात आहे. त्यांनी स्वतः त्याची टेस्ट बनवलीच नव्हती, ती नंतर दुसऱ्यांनी काढली. मार्स्टन यांची दुसरी ओळख म्हणजे वंडर वूमन हे कॉमिक्समधलं पात्र त्यांचंच. चार अक्षरांचे सोळा टाइप काढणाऱ्या मायलेकी, कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स, युंग यांचं पुस्तक वाचून भारावलेल्या होत्या, शिकलेल्या मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. त्या टेस्टची मोठी अडचण अशी की मधल्या रेषेच्या जरा इकडे असलात तर एक टाइप आणि जरा तिकडे तर दुसरा. महिनाभराने पुन्हा भरली की बऱ्याच जणांचं अक्षर बदलतं. बोटांच्या ठशांवरून स्वभाव सांगणारे जे आहेत त्यांना तर मी या पंगतीतच बसवत नाही. तो वेगळाच बाजार आहे आणि त्यात आईबापांचे पैसे जातात.

मग टाळ्या का पडतात? १९४८ साली बर्ट्राम फोरर या प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक टेस्ट दिली आणि आठवड्याने प्रत्येकाला "तुमचं खास विश्लेषण" म्हणून कागद दिला. किती बरोबर आहे याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. नंतर कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं बरीचशी बाजारातल्या राशिभविष्याच्या पुस्तकातली होती. म्हणून "सर, अगदी मीच आहे हो हा!" असं कोणी म्हटलं की मला आनंद होत नाही, मी सावध होतो.

तुमच्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना हे प्रकार नवे नाहीत, हेही लक्षात घ्या. २०१६ पासून काही वर्षं महाराष्ट्रात दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. राज्य मंडळ आणि श्यामची आई फाउंडेशन यांनी मिळून ती घेतली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं, आणि त्यात मुलाचा ओढा कुठे आहे ते बघायचं. सरकारने लाखो मुलांचा असा विचार केला ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. पण घरोघर काय झालं? चाचणी विचारत होती "तुला काय आवडतं", आणि घरी वाचलं गेलं "तुला काय जमतं". ज्याचा कल ललित कलेकडे निघाला त्याच्या बापाचा चेहरा पडला, ज्याचा गणवेशधारी सेवांकडे निघाला त्याला पोलीस भरतीच्या क्लासला टाकलं. आवड, क्षमता आणि स्वभाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तीच मुलं आता बावीस-पंचवीस वर्षांची होऊन तुमच्या काउंटरवर उभी आहेत. आणखी एक कागद त्यांच्या कपाळावर चिकटवू नका.

गणवेशाचाच विषय निघाला तर सैन्याची पद्धत बघा. अधिकारी निवडायला सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड पाच दिवस घेतं. उमेदवाराला स्वतःबद्दल लिहायला सांगतात, पण "तू कसा आहेस" एवढंच नाही. तुझ्या आईवडिलांना तू कसा वाटतोस, शिक्षकांना कसा वाटतोस, मित्रांना कसा वाटतोस, आणि तुला कसं व्हायचंय. त्या लिखाणाला मुलाखत जोडलेली, मैदानावर गटाने करायची कामं जोडलेली. कागदावर "मी नेतृत्व करतो" लिहिलं आणि मैदानात दोरी दुसऱ्याच्या हातात, हे तिथे लगेच दिसतं. आपल्याला पाच दिवस परवडत नाहीत, मान्य. पण पाच मिनिटं आणि पाच दिवस यांच्या मध्ये बरीच जागा आहे.

"म्हणजे स्वभाव बघूच नये का?" जरूर बघावा! १९९१ साली बॅरिक आणि माउंट यांनी ११७ अभ्यास एकत्र करून दाखवलं की पाच गुणांपैकी चोखपणा हा एकच असा आहे जो जवळपास सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी पडतो, मग तो सेल्समन असो, पोलीस असो की मॅनेजर. पण किती? ढोबळ सांगायचं तर चोखपणात वरच्या अर्ध्यातली १०० माणसं घेतली तर त्यांतली ६० कामात चांगली निघतील, आणि खालच्या अर्ध्यातली १०० घेतली तर ४०. फरक आहे, आणि शेकड्याने भरती करणाऱ्या कंपनीला तो सोन्यासारखा आहे. तुम्ही वर्षात दोन माणसं घेता. खालच्या अर्ध्यातली ती ४० चांगली माणसं आठवा. तुमची रिसेप्शनवरची बाई त्यांत असू शकते.

तेव्हा मी काय करतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे गुण विचारत नाही, घडलेली गोष्ट विचारतो. "तुम्ही चोख आहात का?" याऐवजी "गेल्या महिन्यात गल्ला आणि वही जुळली नाही असं किती वेळा झालं? तेव्हा काय केलं?" शून्य वेळा असं सांगणारा मला जरा शंकास्पदच वाटतो, ज्याने गल्ला सांभाळलाय त्याला एकदा तरी पन्नास रुपयांसाठी रात्री नऊपर्यंत बसावं लागलंच आहे. तो किस्सा तो कसा सांगतो ते ऐका. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि उत्तराला गुण तिथल्या तिथे. हे कंटाळवाणं वाटतं, पण "चेहऱ्यावरून ओळखतो मी माणूस" म्हणणाऱ्या शेठजींपेक्षा याचा अंदाज जास्त बरोबर येतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. (शेठजींना हे सांगायला जाऊ नका, उगाच वाद होतो.)

दुसरं, त्याच्याबरोबर काम केलेल्या दोघांना विचारा. कनेली आणि ओनेस यांनी २०१० मध्ये बरेच अभ्यास एकत्र केले. माणूस काम कसं करेल याचा अंदाज त्याच्या स्वतःच्या उत्तरापेक्षा त्याला ओळखणाऱ्यांच्या उत्तरांतून चांगला येतो असं त्यात निघालं. आपल्या बाजारात हे जुनंच आहे. गांधीबागेत कपड्याच्या दुकानात मुनीम ठेवताना आधीच्या पेढीवर विचारणा व्हायचीच. फक्त "कसा आहे हो?" असं मोघम विचारलं की "चांगला आहे" असं मोघम उत्तर येतं. "उधारीची वसुली त्याच्याकडे होती का? गिऱ्हाईक चिडलं तर हा काय करायचा?" असं विचारा. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. मनातली धाकधूक, टेन्शन, या गोष्टी माणसाच्या स्वतःलाच जास्त माहीत असतात, बाहेरच्याला त्या दिसत नाहीत. ते तो तुम्हाला केव्हा सांगेल? सांगितल्यावर आपली खुर्ची जाणार नाही याची खात्री असेल तेव्हाच.

तिसरं, दोन दिवस प्रत्यक्ष काम देऊन बघा, आणि त्या दोन दिवसांचे पैसे द्या. फुकट ट्रायल घेणाऱ्यांचे मेसेज मला पाठवू नका, मी उत्तर देत नाही.

आणि ती दहा प्रश्नांची टेस्ट? ती आधीपासून काम करत असलेल्या टीमबरोबर वापरा, आणि सगळ्यात आधी मालकाने भरावी. मोठ्या कागदावर, सगळ्यांसमोर. नंतर ज्यांना इच्छा असेल त्यांनी भरावी. गुण कोणी गोळा करायचे नाहीत, कागद ज्याचा त्याच्याकडे. मग बोला. "तू स्वतःला बोलण्यात दोन दिले, पण फोनवर तर तू छान बोलतेस, मग अडतं कुठे?" एका हार्डवेअरच्या दुकानात अशा गप्पांतून कळलं की गोडाऊनमधल्या मुलाला गिऱ्हाइकाची अजिबात भीती वाटत नव्हती. त्याला इंग्रजी बिल वाचायची लाज वाटायची. टेस्टमधला आकडा चुकीचाच होता, पण त्या आकड्यामुळे बोलणं सुरू झालं आणि पुढची बिलं मराठीत आली. टेस्टचा उपयोग मला एवढाच हवा आहे, आणि तो थोडा नाही.

शेवटचा विषय पैशांचा नाही पण तितकाच जोखमीचा, तुम्ही गोळा केलेल्या उत्तरांचा. २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण बाहेर आलं ते एका पर्सनॅलिटी क्विझमधूनच. फेसबुकने त्या वेळी दिलेल्या माहितीप्रमाणे भारतात फक्त ३३५ जणांनी ते ॲप घेतलं होतं, पण त्यांच्या मित्रयाद्यांमधून ५ लाख ६२ हजारांहून जास्त भारतीयांची माहिती गेली असण्याची शक्यता होती. तुमचं दुकान केंब्रिज ॲनालिटिका नाही, कबूल. पण गूगल फॉर्मवर नावासकट "मला लवकर टेन्शन येतं" असं लिहून घेतलेली वीस माणसांची शीट तुमच्या अकाउंटंटच्या, त्याच्या असिस्टंटच्या आणि गेल्या वर्षी सोडून गेलेल्या मुलाच्या फोनवर उघडते का, हे आज तपासा. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीच झालाय. अशी शीट असेल तर ती सगळीकडून काढून टाका, आणि काढली हे स्टाफला सांगा.

एक काम देतो. तुमच्या धंद्यात नवीन माणसाला विचारावेत असे, घडलेल्या गोष्टींबद्दलचे पाच प्रश्न लिहा आणि व्हिडिओखाली टाका. किराणा, मेडिकल, क्लासेस, गॅरेज, काहीही चालेल. "तुम्ही मेहनती आहात का" छापाचा प्रश्न दिसला की मी तिथेच खोडणार, आधीच सांगून ठेवतो. पुढच्या भागात गॅरेजवाल्यांचे प्रश्न आधी घेऊ, त्यांचे सहा मेसेज येऊन पडले आहेत.